पदरी नसलेली

ती. बाबांस,
सा. नमस्कार.

परवा तुम्ही पुन्हा विचारलंत, "पण तू कामाला असतेस कुठे?" मी 'फ्रीलान्स' म्हणाले, तुम्ही "काय?" म्हणालात, मी ओरडून परत तेच म्हणाले. फोनवर हे जमायचं नाही, म्हणून पत्र.

त्या शब्दातला 'लान्स' म्हणजे भाला. कुणाच्या पदरी नसलेला, ठरेल त्याच्या बाजूने लढणारा भालाईत. आपल्याकडे बारगिराला घोडा सरकारातून मिळायचा, शिलेदार स्वतःचा घेऊन यायचा. मी शिलेदार : नोकरी कुठेच नाही, मासिकांना लेख लिहून देते. घोड्याच्या चंदीचा खर्चही माझाच.

आठवड्यातले दोन दिवस तर लिहिण्यात जातच नाहीत, काम मिळवण्यात जातात. संपादकाला प्रस्ताव पाठवायचा, त्याला इथे 'पिच' म्हणतात. पहिलं वर्ष मी नुसते विषय पाठवत होते. "श्रवणयंत्रांवर लिहू का?" उत्तरसुद्धा यायचं नाही. मग एकदा लिहिलं, "हौसेने घेतलेलं श्रवणयंत्र सहा महिन्यांत ड्रॉवरमध्ये का जाऊन पडतं?" त्याच दिवशी होकार. विषय सगळ्यांकडेच असतात, संपादकाला प्रश्न हवा असतो. शिवाय तो आत्ताच का आणि तूच का, हेही दोन ओळींत सांगावं लागतं.

त्या एका विषयावर मी तीन लेख लिहिले. एक आरोग्याच्या मासिकाला, एक ज्येष्ठांच्या आणि तिसरा यंत्रं बनवणाऱ्यांच्या व्यवसायपत्रिकेला. मुलाखती त्याच, प्रश्न वेगळे, लेख पूर्ण नव्याने लिहिलेले. व्यवसायपत्रिकेत नाव झळकत नाही, पण पैसे वेळेवर येतात. नामांकित मासिकात उलट. एकाने तर लेख घेतला, नंतर छापायचा नाही असं ठरवलं आणि ठरलेल्या रकमेचा चौथा हिस्सा टेकवला. याला 'किल फी' म्हणतात. नावच किती सोज्वळ! तेव्हापासून करारात आधी एकच ओळ शोधते : पैसे लेख स्वीकारल्यावर की छापल्यावर? छापल्यावर म्हणजे कधी, ते देवाला ठाऊक.

मासिकांचे अंक तीन-चार महिने आधीच ठरतात. म्हणून ऐन थंडीत मी उन्हाळ्यावर लिहीत बसते. वस्तूंची वर्णनं, ठरावीक साच्यातले लेख, हे माझं फुटकळ काम आता संगणकातली कृत्रिम बुद्धिमत्ताच करते. ते गेलं. आधी घाबरले, खोटं कशाला सांगू. पण माणसाला फोन करून, त्याचं रडगाणं ऐकून, मधूनच त्याला अडवून लिहायचं काम अजून येतंय. नवी कामंही बहुतेक जुन्याच संपादकांकडून येतात. ते नोकरी बदलतात आणि जाताना मला सोबत नेतात.

आईला काळजी, की नकार आल्यावर ही पोर एकटी काय करत असेल. तिला सांगा, एक वही केलीय. त्यात होकार मोजत नाही, कारण ते माझ्या हातात नाहीत. पाठवलेले प्रस्ताव मोजते. आठवड्याला पाच. एक नकार आला की तोच प्रस्ताव दुसऱ्या संपादकाला शोभेल असा करून संध्याकाळच्या आत पाठवायचा, मग खुशाल रुसून बसायचं. कधी वही आठवडाभर कोरी राहते. तेव्हा उमेद वगैरे काही नसते, फक्त थकलेली बिलं मागायची पत्रं लिहिते. पैसे मागताना हात आपोआप चालतो, आणि एकदा चालला की पुढेही चालतो.

आणि हो, ती ड्रॉवरची कल्पना कुठून आली, ओळखलं असेलच. आई म्हणते, यंत्र अजून तिथेच आहे. मी ज्यांच्याशी बोलले ते सगळे तंत्रज्ञ एकच सांगत होते : घेतल्यावर पुन्हा जाऊन आवाज जुळवून घ्यावा लागतो, एकदाच्या भेटीत भागत नाही. तुम्ही एकदाच गेला होतात. या महिन्यात परत जाऊन या, मग फोन करते.

तुमची,
धाकटी