बाळंतपण झालं तरी बीपी मोजा

महोदय,

मातामृत्यूंवरचा आपल्या अंकातला लेख वाचला. प्री-एक्लॅम्पसियाला, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढून फिटचे झटके येऊ शकणाऱ्या आजाराला, त्यात जागा दिलीत, बरं वाटलं. पण बाळंतपण झालं की हा आजार संपतो, अशा अर्थाचं जे वाक्य आहे ते खटकलं. वार बाहेर पडल्यावर आजाराचं मूळ जातं हे खरं. पण रक्तदाब लगेच उतरतोच असं नाही, आणि झटके बाळंतपणानंतरही येतात, कधी कधी घरी गेल्यावर.

मी प्रसूती कक्षात परिचारिका होते. पाचव्या दिवशी एक बाळंतीण बाळाला दाखवायला घेऊन आली. आम्ही बाळाचं वजन केलं, बेंबी पाहिली, कावीळ नाही ना ते पाहिलं. जाता जाता ती म्हणाली, डोकं कालपासून ठणकतंय आणि इथे, बरगडीखाली, दुखतंय. डोकं जागरणाने आणि पोट पित्ताने, असं मीच सांगितलं, वर पित्ताची गोळीही दिली. दारापर्यंत गेली आणि डोळ्यांपुढे काजवे चमकतात म्हणून भिंतीला टेकली. तेव्हा कुठे बीपीचा पट्टा बांधला. १७६/११४. झटके रोखणारं मॅग्नेशियमचं इंजेक्शन भरेपर्यंत झटका आलाच. ती वाचली. गरोदरपणात तिचा बीपी कधीच वाढलेला नव्हता, म्हणून माझ्या डोक्यात ते आलंच नाही. बरगडीखालचं ते दुखणं पित्ताचं नव्हतं, यकृतावर ताण आला होता.

जगभरात २०२३ मध्ये सुमारे २ लाख ६० हजार स्त्रिया गरोदरपण-बाळंतपणात दगावल्या. अशा मृत्यूंपैकी साधारण सहातला एक वाढलेल्या रक्तदाबाच्या विकारांमुळे होतो. इलाज नाही म्हणून नव्हे. २००२ साली ३३ देशांतल्या दहा हजारांवर स्त्रियांवर झालेल्या मॅगपाय चाचणीत मॅग्नेशियम सल्फेटने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी केला. औषध जुनं आणि स्वस्त आहे. तरी ते कपाटातच राहतं, कारण देणाऱ्याचा हात थरथरतो: बाईचा श्वास मंदावला तर? मग बाईला तसंच गाडीत घालून मोठ्या रुग्णालयात पाठवतात आणि झटका वाटेत येतो. गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया, श्वास आणि लघवी यांवर नजर ठेवायची, उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवायचं, एवढं शिकवलं की ही भीती जाते. पहिला डोस देऊनच गाडी सोडावी. बीपी १६०/११० च्या घरात असेल तर तो उतरवायचं औषधही तिथेच सुरू करावं. मॅग्नेशियम झटका थांबवतं, बीपीसाठी ते नाही.

ॲस्पिरिनचा उल्लेख आपल्या लेखात आहे, पण वेळ दिलेली नाही. आधीच्या खेपेला हा त्रास झालेली, मूळचा रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेली, जुळी असलेली, अशा जोखमीच्या स्त्रियांना डॉक्टर कमी मात्रेतलं ॲस्पिरिन देतात. ते तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सुरू झालं तर उपयोग; सातव्या महिन्यात आठवण होऊन फारसा नाही. म्हणून पहिलीच तपासणी लवकर व्हायला हवी.

ते वाक्य पुढच्या अंकात दुरुस्त करावं, ही विनंती. आणि जागा असेल तर एवढंच छापा: बाळंतपणानंतर सहा आठवड्यांत न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे किंवा बरगडीखाली दुखणं असेल, तर त्याच दिवशी जाऊन आधी बीपी मोजून घ्या, पित्ताची गोळी नंतर.

— एक निवृत्त परिचारिका