कुलूप आणि ताळुं

दांडिया बाजार, बडोदे

चिरंजीव अनिकेत यास अनेक आशीर्वाद.

मेंदूची शस्त्रक्रिया मला जागे ठेवून का करणार, असे तू फोनवर रागावून विचारलेस, म्हणून सविस्तर लिहितो. माझी गाठ डाव्या बाजूला, उजवा हात आणि बोलणे सांभाळणाऱ्या भागांना लागून आहे. या जातीच्या गाठीला स्वच्छ कड नसते. ती निरोगी मेंदूत मुरत जाते. एमआरआयवरून आधी नकाशा काढतात खरा, परंतु कवटी उघडल्यावर मेंदू थोडा सरकतो आणि तो नकाशा तंतोतंत जुळत नाही.

म्हणून डोक्याची त्वचा बधिर करून मला मधल्या वेळापुरते जागे करतील; मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. मग सर्जन काही मिलिअँपिअरचा विजेचा प्रवाह एकेका जागी टेकवतील. बोट उडाले, तर ती हाताची जागा. चित्राचे नाव सांगताना माझा शब्द अडला, तर ती बोलण्याची. तेथे अंकाची चिठ्ठी ठेवून ती जागा वाचवतात. प्रवाहामुळे आकडीचा झटका येऊ लागलाच, तर मेंदूवर बर्फासारखे थंड सलाइन ओततात. माँट्रियलचे मेंदूचे सर्जन पेनफिल्ड यांनी अशाच नोंदींवरून हालचाल व स्पर्श यांचा नकाशा १९३७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात हाताचा वाटा सबंध धडाहून मोठा आहे.

माझी काळजी मात्र निराळी होती. जन्मभर मी शाळेत गुजरातीतून शिकवले आणि घरी मराठी बोललो. दोन भाषांच्या जागा काही अंशी वेगळ्या असू शकतात, हे ओजेमान आणि व्हिटेकर या संशोधकांनी १९७८ मध्ये दाखवले. केवळ गुजरातीतच तपासले, तर गुजराती ताळुं शाबूत राहून मराठी कुलूप जायचे! मी हे सांगताच डॉक्टरांनी चित्रांची नावे मराठीतूनही विचारण्याचे मान्य केले. जी नावे आधीच चुकतात ती चित्रे वगळावी लागतात, म्हणून तुझी आई रोज रात्री माझी परीक्षा घेते. झारा मला ओळखता आला नाही. तो गाठीचा दोष नव्हे, असे तिचे ठाम मत आहे.

गुरुवारी आलास की चित्रांचा गठ्ठा घेऊन तूही माझ्यासमोर बस, आणि मी अडखळलो तर शब्द सुचवू नकोस.

तुझे,
बाबा