मागच्या चाकांकडे बघायला शिकवणाऱ्या मामांना

मामा, सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "राहू दे गं" म्हणत हात पुसत आत निघून जाता, म्हणून हे लिहून काढलं. आणि उघडं लिहिलं, कारण निपाणी, चिकोडी, खानापूरकडची बरीच पोरं सध्या एकच प्रश्न विचारत फिरतायत: शर्यतीसाठी पुढच्या चाकांवर चालणारी गाडी तयार करायची तर हॅचबॅक (मागे वेगळी डिकी नसलेली आखूड गाडी) घ्यावी की सेडान (मागे वेगळी डिकी असलेली लांब गाडी)? बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या तुमच्या शेडमध्ये मला जे मिळालं, ते त्यांच्याही कानावर पडावं असं मनापासून वाटतं.

आमच्या घरात फोक्सवॅगनची पोलो (हॅचबॅक) की व्हेंटो (सेडान) यावर जेवणाच्या ताटावरही वाद चालायचा. दोन्ही एकाच साच्यातल्या, 1.6 चं पेट्रोल इंजिन दोन्हींत मिळायचं, फरक काय तो मागच्या बाजूचा. दादा पोलोचा: हलकी, आखूड, वळणात चपळ. मी व्हेंटोची. दोघांकडेही दाखले तयार. दादा म्हणायचा, 2009 ला गाब्रिएले तार्किनीने सेआत लिऑनवर जागतिक टूरिंग कारचं (रस्त्यावरच्या गाड्या शर्यतीसाठी बदलून होणाऱ्या स्पर्धेचं) अजिंक्यपद घेतलं, 2018 ला त्यानेच ह्युंदाई आय30 एनवर जागतिक टूरिंग कार कप, 2019 ला नॉर्बर्ट मिखेलिसने त्याच गाडीवर, सगळ्या हॅचबॅक. मी म्हणायचे, 2010 ते 2013 शेव्हरोले क्रूझ, 2014 ते 2016 सिट्रोएन सी-एलिझे, 2020 आणि 2021 ला लिंक अँड को 03, सगळ्या सेडान. शिवाय ज्या ह्युंदाईने आय30 वर दोन किताब घेतले, तीच पुढे एलांट्रा एन या सेडानकडे गेली आणि 2022 ला मिकेल अस्कोनाने त्यावर किताब आणला.

तुम्ही हे सगळं शांतपणे ऐकून घेतलंत. मग एवढंच म्हणालात, "नावं बरोबर हाईत गं पोरी. पण गाडी वळताना मागून काय करूलाय ते कोण बघितलंय?"

त्या एका प्रश्नाबद्दल पहिले आभार. तोवर आम्ही डिकीच्या आकारावर भांडत होतो, आणि तुम्ही बोट ठेवलंत मागच्या चाकांवर. या गाड्यांत पुढची दोन चाकं ओढतात, वळवतात आणि ब्रेकचा मोठा वाटाही तीच उचलतात. एकाच बैलाला नांगराला जुंपायचं आणि बाजाराची गाडीही त्यालाच ओढायला लावायची, असं तुम्ही म्हणालात. पुढच्या टायरांचा जोर संपला की गाडी वळायचं सोडून सरळ निघते. त्यामुळे पुढच्या टायरांचं ओझं हलकं करायचं तर मागच्या बाजूने वळायला मदत केली पाहिजे. शर्यतीतल्या अशा गाड्यांचा मागचा भाग मुद्दाम कडक ठेवतात, इतका की वळणात आतलं मागचं चाक जमीन सोडतं. मी फोटो दाखवून विचारलं, हे चुकलंय ना? तुम्ही म्हणालात, "उचलू दे की. त्या चाकाला तिथं काय काम हाय?" मागून गाडी झुकायची थांबली की पुढचं आतलं चाक जमिनीला धरून राहतं आणि वळणातून बाहेर पडताना तेच कामाला येतं.

मग व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर. पोलोचा सुमारे 2.46 मीटर, व्हेंटोचा 2.55. नऊ-दहा सेंटीमीटरने काय होतंय, असं दादाला वाटत होतं. तुम्ही वहीच्या पाठीमागे गणित मांडून दाखवलंत: ब्रेक मारला की वजन पुढे सरकतं, आणि किती सरकतं हे गुरुत्वमध्याची उंची भागिले व्हीलबेस यावर ठरतं. व्हीलबेस लांब तर मागच्या चाकांवर थोडं वजन जास्त शिल्लक राहतं. म्हणून जोरात ब्रेक मारून वळणात शिरताना सेडान शांत राहते आणि हॅचबॅक शेपूट हलवायला लागते. अरुंद, आखूड वळणांत ते हलणं उपयोगाचं. वेगवान वळणात ते सावरण्यातच चालकाचा जीव जातो.

हवेचा विषय तुम्ही दोन वाक्यांत उरकलात, पण मला तिथे आणखी लिहावंसं वाटतं, कारण मला सगळ्यात आवडलेली कथा तिथलीच आहे. 1994 साली ब्रिटिश टूरिंग कार स्पर्धेत व्होल्वोने चक्क 850 इस्टेट उतरवली, पाठीमागे सरळ छत असलेली लांबलचक घरगुती गाडी. रिकार्ड रिडेल आणि यान लामर्स चालवायचे. त्याच मोसमात अल्फा रोमिओ 155 ही सेडान तिच्या मागच्या विंगमुळे (हवेच्या जोराने गाडी जमिनीला दाबणाऱ्या पट्टीमुळे) वादात सापडली आणि तार्किनीने त्यावर किताबही घेतला. पुढच्या वर्षी नियम बदलून सगळ्यांनाच विंगची मुभा मिळाली, तेव्हा इस्टेटला तिचा फायदा घेता येईना. व्होल्वो 1995 ला सेडानवर आली. रिडेलला किताब मिळाला 1998 ला, एस40 सेडानवर. गाडीचा आकार नियमांच्या चौकटीतच चांगला-वाईट ठरतो हे मला या गोष्टीने पटलं. टूरिंग कारच्या आजच्या टीसीआर प्रकारात तर वजन, उंची आणि इंजिनची ताकद आयोजकच कमी-जास्त करून गाड्या बरोबरीला आणतात. म्हणजे दादाची यादी आणि माझी यादी, दोन्हींवरून आकाराचा निकाल लागतच नाही.

आता त्या दिवसाबद्दल, ज्यासाठी खरं तर हे पत्र आहे. आम्ही व्हेंटो घेऊन आलो होतो. तुम्ही आधी फरशीची पातळी बघितलीत, चार चाकांखाली चार वजनकाटे ठेवलेत आणि मला हेल्मेटसकट सीटवर बसवलंत. आतून सगळं काढून टाकलेल्या गाडीतही वजनाच्या शंभर भागांतले साठाहून जास्त पुढच्या दोन काट्यांवर. मग गाडीच्या दोन्ही बाजूंना स्टँड लावून नायलॉनची दोरी ताणलीत आणि रिमच्या पुढच्या कडेपासून, मागच्या कडेपासून पोलादी पट्टीने अंतर मोजत गेलात. मागच्या चाकांचा टो (वरून बघितलं तर चाकांची तोंडं आत की बाहेर वळलेली ते) किंचित आत होता. रस्त्यासाठी उत्तम, पण आम्हाला हवं त्याच्या उलट.

या गाडीचा मागचा ॲक्सल एकसंध, टो बदलायला त्यावर नट-बोल्टची सोय नाही. दुसरा कुणी असता तर इथे हात वर केले असते. तुम्ही ब्रेकचा ड्रम काढलात, चार बोल्ट सोडून स्टब (चाक ज्यावर बसतं तो आखूड दांडा) बाहेर घेतलात आणि त्याच्यामागे बसणारी पाचर करायला घेतलीत. जाड पट्टीला एका कडेखाली फिलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांतलं) पान सरकवून शेजारच्या कन्नडिग दोस्ताच्या ग्राइंडरवर ती घासून आणलीत. शंभर मिलिमीटर रुंदीत जाडीतला फरक जेमतेम पाव मिलिमीटर. मायक्रोमीटर चारही कोपऱ्यांना लावून बघितलात, एक कोपरा पटला नाही म्हणून ती बाजूला टाकून दुसरी घासलीत. शिफ्ट केव्हाच सुटली होती, बाहेर बेळगावचा पाऊस कोसळत होता, आणि तुम्ही मला सांगत होता: "हॅचबॅकला मागून धरायला लागतंय, सेडानला मागून सोडायला लागतंय. तुझी गाडी लांब हाय, शहाणी हाय. तिला थोडं सोड." हीच पाचर पोलोला तुम्ही लावली नसती हेही तेव्हाच सांगितलंत. हा फरक इतक्या स्वच्छ शब्दांत मी तोवर कुठेही ऐकला नव्हता.

गाडी आम्ही चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या शर्यतीच्या ट्रॅकवर नेली. मला फार आवडतं की आपल्या बेळगावाजवळून जाणारा 48 नंबरचा हायवेच पुढे श्रीपेरुंबुदूरच्या बाजूला त्या ट्रॅकपाशी जातो. 3.7 किलोमीटरचा ट्रॅक, पहिलंच वळण वेगवान उजवं, तिथे त्याला सगळे सी-वन म्हणतात. सरावाच्या दिवशी सुरुवातीच्या फेऱ्यांत मी तुमचं ऐकून हळू गेले. पुढच्या चाकांचे टायर लगेच तापतात, मागचे उशिरा, आणि थंड मागच्या टायरांवर सोडलेली शेपूट फिरते, हे तुम्ही दोनदा बजावलं होतं. टायर तापल्यावर सी-वनला स्टिअरिंग आधीपेक्षा कमी वळवून गाडी आत शिरली. पाय उचलला की मागची बाजू थोडी बाहेर यायची आणि तिथेच थांबायची. दादा पिटच्या भिंतीवरून बघत होता, परत आल्यावर पहिलं वाक्य: "मामांना फोन लाव."

तो अजूनही पोलोच म्हणतो, आणि कोइंबतूरच्या कारी ट्रॅकसारख्या आखूड जागी त्याचं बरोबर ठरेल असं मलाही वाटतं. फोक्सवॅगनने भारतात 2010 ला पोलोवर कप (एकाच प्रकारच्या गाड्यांची शर्यत मालिका) सुरू केला, 2015 ला तो व्हेंटोवर आणि 2017 ला अमिओ या छोट्या सेडानवर नेला. तिन्ही गाड्यांवर लोक शर्यतीला शिकले. मी नवखी आहे, वेगवान वळणात मला शांत गाडी हवी होती, आणि हे माझ्याही आधी तुम्ही ओळखलं होतंत.

मजुरी तुम्ही ग्राइंडरवाल्याच्या चहापुरती घेतलीत. पाचर, बोल्ट, अर्धी रात्र, वहीतली गणितं, यांचं काहीच लावलं नाहीत. माझं वडिलांशीही इतकं मोकळं बोलणं झालं नव्हतं जितकं त्या शेडमध्ये गाडीबद्दल झालं. एका पोरीने शर्यतीची गाडी आणली म्हणून तुम्ही एकदाही वेगळं बघितलं नाहीत. काट्यांवरचे आकडे मलाच लिहायला लावलेत, मायक्रोमीटर माझ्याच हातात दिलात. मामा, त्याबद्दल मी तुमची कायमची ऋणी आहे.

पुढच्या खेपेला मागची स्प्रिंग एक नंबरने कडक करून बघायची आहे, आणि उजवीकडचा पुढचा शॉकअप तेल सोडतोय असा दादाला संशय आहे. रविवारी सकाळी गाडी घेऊन येतो. मामींना सांगा, कुंदा आम्ही आणतोय, आणि या वेळी चेन्नईला तुम्ही दोघांनीही आमच्यासोबत यायचं आहे. राहायची सोय केली आहे.

तुमची,
खानापूरची भाची