आबांची भाषणे गावोगाव पोहोचावीत

सांगोल्याचे गणपतराव देशमुख, म्हणजे आमचे आबा, १९६२ साली पहिल्यांदा आमदार झाले. त्यानंतर २०१४ पर्यंत ते याच मतदारसंघातून एकूण ११ वेळा निवडून आले. १९७२ आणि १९९५ मध्ये पराभव झाला, पण म्हणून त्यांनी ना तालुका सोडला, ना शेतकरी कामगार पक्ष. आज निकालाआधीच पक्ष बदलले जातात, तेव्हा ही निष्ठा जास्तच जाणवते. दोनदा मंत्रिपद मिळाले, तरी एसटीने प्रवास करणारा आमदार हीच त्यांची ओळख राहिली.

सांगोला हा कायम दुष्काळी तालुका. टेंभू आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचे पाणी इकडे यावे म्हणून आबा वर्षानुवर्षे विधानसभेत बोलत राहिले. इथल्या माळावर डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या, सहकारी सूतगिरणी चालली, त्यामागे त्यांचा हात होता.

३० जुलै २०२१ रोजी आबा गेले. पुतळे होतील, चौकांना नावेही मिळतील. पण पाणी, रोजगार हमी आणि शेतीवरची त्यांची सभागृहातील भाषणे विधिमंडळाने स्वस्त पुस्तकरूपात काढून प्रत्येक ग्रामपंचायतीच्या वाचनालयात द्यावीत, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सांगोला