नॉर्टन हरला, पण कोणत्या नियमाने?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला मुहम्मद अलीवरचा लेख आवडीने वाचला. केन नॉर्टनबरोबरच्या तिसऱ्या लढतीचा परिच्छेद मात्र काही केल्या पटेना. लेखकाच्या मते 28 सप्टेंबर 1976 ची, अलीच्या जागतिक हेवीवेट किताबासाठीची ती लढत जवळजवळ बरोबरीची झाली. पण किताब विजेत्याकडून हिसकावूनच घ्यावा लागतो, हा मुष्टियुद्धाचा नियम आहे, नॉर्टनला ते जमलं नाही, म्हणून निकाल योग्य. हौशी मुष्टियुद्धात मी बरीच वर्षं रिंगच्या कडेला बसून गुण दिले आहेत. असा नियम कुठल्याही नियमावलीत माझ्या वाचनात आला नाही, आणि येणारही नाही, कारण तो अस्तित्वातच नाही. प्रत्येक फेरी कोऱ्या पाटीवर सुरू होते. कमरेला विजेतेपदाचा पट्टा कोणाच्या आहे, हे लिहायला गुणपत्रिकेवर रकाना नसतो. विजेत्याला सवलत एकच आणि तीही शेवटी: लढत बरोबरीत सुटली तर किताब त्याच्याकडे राहतो.

त्या रात्री बरोबरीचा प्रश्नच आला नाही. न्यू यॉर्कमध्ये तेव्हा फेऱ्या मोजून निकाल लागायचा आणि दोन जजांच्या जोडीला रेफरीही गुण द्यायचा. हॅरॉल्ड लेडरमन आणि बार्नी स्मिथ या जजांनी अलीला 8-7 असं जिंकवलं. रेफरी आर्थर मर्कांते यांनी 8-6 आणि एक फेरी बरोबरीची असा कौल दिला. तिघांचा कौल एकाच बाजूला, म्हणून कागदावर निकाल ‘एकमताने’ असा नोंदला गेला. तो वाचून वाटतं की अलीने सहज मारलं असणार. प्रत्यक्षात दोन्ही जजांनी एकेक फेरी उलटी दिली असती तरी नॉर्टन जगज्जेता झाला असता.

न्यू यॉर्कची ही फेऱ्यांची पद्धतच सदोष, दहा गुणांची पद्धत (फेरी जिंकणाऱ्याला 10, हरणाऱ्याला त्याहून कमी) असती तर नॉर्टनला न्याय मिळाला असता, असंही बरेच जण म्हणतात. हिशेब करून बघावा. या दोघांच्या तीन लढतींत मिळून 39 फेऱ्या झाल्या आणि एकदाही कोणी खाली पडलं नाही. कोणी पडलं नाही की फेरी बहुतेक वेळा 10-9 अशीच सुटते. तसं धरलं तर आठ फेऱ्या जिंकणाऱ्याचे 143 आणि सात जिंकणाऱ्याचे 142 होतात. म्हणजे दोन्ही जजांचा कौल होता तिथेच राहतो. तेव्हा पद्धतीला दोष देऊन उपयोग नाही. प्रश्न आहे तो त्या फेऱ्या कशाच्या जोरावर दिल्या गेल्या, हा.

माझा आक्षेप इथेच आहे. नॉर्टनची ढब समजून घेतल्याशिवाय या लढतीचे गुण देताच येत नाहीत. दोन्ही हात छातीपुढे आडवे धरून, काहीसा वाकून, उजवा पाय मागून ओढत तो पुढे सरकायचा. अलीने जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मारला की हा त्याच क्षणी आपला जॅब टाकायचा, त्यामुळे अलीचं सगळं गणितच बिघडायचं. मार्च 1973 मध्ये सॅन डिएगोला याच ढंगाने त्याने अलीचा जबडा मोडून लढत जिंकली होती. सहा महिन्यांनी अलीने परतफेड केली, पण तीही विभागलेल्या, म्हणजे दोन विरुद्ध एक अशा कौलाने. तिसऱ्या लढतीत, न्यू यॉर्कच्या यँकी स्टेडियममध्ये, त्याच आडव्या हातांवर आणि ग्लोव्ह्जवर अलीचे कितीतरी ठोसे आदळून वाया गेले. कडेला बसलेल्या जजाला मात्र आधी ऐकू येतो तो चामड्यावर चामडं आपटल्याचा आवाज. त्यात योद्ध्याची पाठ तुमच्याकडे असेल, तर ठोसा गालावर बसला की कोपरावर, हे दिसत नाही. वर हजारोंचा ‘अली, अली’ असा गजर. मी यातून गेलो आहे, तेही फार लहान गर्दीपुढे. कान बंद करून फक्त डोळ्यांवर विसंबायला फार कष्ट पडतात.

लढतीचा पूर्वार्ध नॉर्टनचा होता, याबद्दल सहसा कोणी वाद घालत नाही. अली पाय रोवून उभा राहिला आणि नॉर्टन त्याच्या बरगड्यांवर काम करत राहिला. अली पोटात मारायच्या भानगडीत फारसा पडत नसे, तेव्हा शरीरावरच्या ठोशांचा हिशेब जवळजवळ एकतर्फीच होता. उत्तरार्धात अली पायांवर आला, नाचू लागला, फेरी संपता संपता झटपट ठोशांची सरबत्ती करू लागला. त्यातल्या काही फेऱ्या त्याने खरोखर जिंकल्या. मीही अलीचा भक्तच आहे, त्याच्या वाट्याचं मी कापणार नाही. पण काही फेऱ्यांत नॉर्टनने अडीच मिनिटं काम केलं, अलीने शेवटची वीस-तीस सेकंदं देखावा केला, आणि जजाच्या लक्षात ती सेकंदंच राहिली. त्या रात्रीचं चित्रण मी पुन्हा पुन्हा थांबवून पाहिलं आहे, आवाज बंद करून. माझ्या कागदावर नॉर्टन 8, अली 7.

आता पंधरावी फेरी. लेखकाने सगळा भर तिच्यावर दिला आहे, आणि तिच्याबाबत मी त्यांच्याशी सहमत आहे. ती फेरी सुरू होताना दोन्ही जजांकडे 7-7 होतं. नॉर्टनच्या कॉर्नरची, म्हणजे त्याच्या कोपऱ्यातल्या प्रशिक्षक-मदतनिसांची, समजूत अशी की आपण पुढे आहोत, उगाच धोका नको. त्यामुळे बराच वेळ तो राखून खेळला आणि अलीने पुढाकार घेतला. अगदी शेवटी नॉर्टन तुटून पडला, पण तोवर उशीर झाला होता. दोन्ही जजांनी फेरी अलीला दिली, मीही देतो. माझं म्हणणं एवढंच की लढत तिथे ठरायलाच नको होती. आधीच्या चौदा फेऱ्यांचा हिशेब नीट झाला असता तर तिच्यावर काही अडलंच नसतं.

कॉर्नरचा हा भ्रम नवा नव्हे. 5 डिसेंबर 1947 रोजी न्यू यॉर्कमध्येच, मॅडिसन स्क्वेअर गार्डनला, जर्सी जो वॉलकॉटने तेव्हाचा हेवीवेट जगज्जेता जो लुई याला दोनदा खाली पाडलं आणि शेवटी आपण जिंकलोच अशा समजुतीने मागे मागे सरकत लढत संपवली. रेफरी रुबी गोल्डस्टीन यांनी वॉलकॉटला 7-6 आणि दोन फेऱ्या बरोबरीच्या असं दिलं. दोन्ही जजांनी लुईला. निकाल जाहीर होण्याआधीच लुई रिंगमधून उतरायला निघाला होता. स्वतः हरलो असं ज्याला वाटतंय त्याच्या हाती किताब राहिला, तो काय हिसकावण्याच्या नियमाने? सरळ सांगायचं तर नाव मोठं होतं.

निकाल फिरवला, पैसे खाल्ले वगैरे बोललं जातं, ते मी म्हणत नाही. त्या संध्याकाळी स्टेडियमबाहेर पोलिसांचीच निदर्शनं चालली होती, फुकटे लोक आत घुसत होते, खिसेकापूंची चंगळ होती. त्या गोंधळामुळे चोरीमारीच्या कथांना आणखी रंग चढला. पण अप्रामाणिक असायची गरजच काय? अलीच्या हालचालीकडे डोळा आपोआप जातो, प्रामाणिक माणसाचाही.

आणि नॉर्टनचं दुर्दैव बघा. 1978 मध्ये डब्ल्यूबीसीने (वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिल, किताब देणारी एक संघटना) त्याला जगज्जेता घोषित केलं, रिंगमध्ये न उतरता. 9 जून 1978 रोजी लास व्हेगासला पहिल्याच बचावात समोर लॅरी होम्स. चौदा फेऱ्यांनंतर तिन्ही जजांकडे पुन्हा बरोबरी. या वेळी त्याने हात आखडता घेतला नाही. ती शेवटची फेरी हेवीवेटच्या सर्वोत्तम फेऱ्यांत गणली जाते. दोघांनी होम्सला 143-142 दिलं, एकाने नॉर्टनला तेवढंच. तो निकाल मला मान्य आहे. तिथे नॉर्टन स्वतः विजेता होता, हेही लेखकांनी ध्यानात घ्यावं. हिसकावण्याचा नियम खरा असता तर एवढ्या अटीतटीच्या लढतीत पट्टा त्याच्याकडेच राहायला हवा होता. तेव्हा हा नियम कोणाला आठवला नाही.

लेखकांना विनंती, की त्या उत्तरार्धातल्या फेऱ्या एकदा आवाज बंद करून पाहाव्यात आणि फेरी संपताच, पुढची सुरू होण्याआधी आकडा लिहावा. त्यानंतरही त्यांच्याकडे अली 8-7 निघाला तर मी वाद घालणार नाही. एका फेरीचा फरक प्रामाणिक माणसांत पडतोच. फक्त पुढच्या वेळी कारण म्हणून फेऱ्यांचे क्रमांक लिहावेत, नसलेला नियम नको.

आपला,
एक निवृत्त मुष्टियुद्ध जज