परकराची नाडी पुरेना, तेव्हा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महिला आरोग्य शिबिरांच्या फलकांवर स्तनांचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग हमखास असतो. अंडाशयाचा क्वचितच. आमच्या घरात तो शिरला, तोही पोटातल्या गॅसच्या नावाखाली.

माझ्या थोरल्या जाऊबाई, वय 56. दोन घास खाल्ले की पोट तट्ट. ओवा झाला, हिंगाचं पाणी झालं, तळजाई टेकडीची एक फेरी वाढवून झाली. लघवीला सारखं जावं लागे, ते वयावर गेलं. दंड वाळत चालले होते आणि परकराची नाडी मात्र पुरेनाशी झाली. आम्ही त्यावर हसलोसुद्धा! दवाखान्यातून दर वेळी ॲसिडिटीच्या गोळ्या. चार महिन्यांनी एकाएकी डावी पोटरी सुजली. शिरेत रक्ताची गुठळी निघाली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘लांबचा प्रवास नाही, ऑपरेशन नाही, मग गुठळी आली कुठून?’ त्यांनीच पोटाची सोनोग्राफी करायला लावली. पोटात पाणी, उजव्या अंडाशयावर गाठ.

‘पण पॅप तपासणी चांगली आली होती,’ असं आम्ही सगळेच म्हणालो. ती गर्भाशयमुखापुरती, हे तेव्हा कळलं. त्याच कर्करोगाविरुद्धची लस आपल्या पुण्यात, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते, याचा अभिमान आहेच. अंडाशयाला मात्र तिचा उपयोग नाही. काही त्रास नसताना हा रोग खात्रीने हुडकणारी चाचणीही नाही, म्हणून तर तक्रारीकडे लक्ष हवं. रक्तातलं सीए 125, म्हणजे या रोगात बहुधा वाढणारं एक प्रथिन, वाढलेलं पाहून आमचं धाबं दणाणलं. पण पोटाच्या क्षयातही ते वाढतं, पाणीही होतं. शिक्कामोर्तब झालं ते तुकड्याच्या तपासणीनंतरच.

पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एखादा डाग दिसला, तर ‘उष्णता झाली’ म्हणून गुळवेल पिणाऱ्या बायका माझ्या ओळखीत आहेत. तो गर्भाशयाच्या कर्करोगाचा इशारा असू शकतो. त्या वेळी गर्भाशयाचं अस्तर सोनोग्राफीत 4 मिलिमीटरच्या वर भरलं, तर तुकडा तपासावा लागतो. सोनोग्राफी योनीमार्गातून करतात म्हणून टाळणाऱ्याही पुष्कळ.

शिबिरं भरवणाऱ्यांना एवढीच विनंती, फलकावर दोन ओळी वाढवा: पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेला पोटफुगीचा त्रास दोन-तीन आठवडे हटला नाही, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. सोनोग्राफीचं आपणहून विचारा.

– एक वाचक, सहकारनगर, पुणे