सातबारा संगणकावर नेला, त्याचा फेरफार कुठे आहे?

प्रति,
मा. महसूल मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी शेतकऱ्याच्या घरातला. नोकरी डेटाबेसची. जुन्या रचनेतली माहिती नव्या रचनेत नेऊन बसवायची, हे माझं रोजचं काम. या कामात सगळ्यात भीती कशाची वाटत असेल तर जी चूक बोंब मारत नाही तिची. आमच्या घरात अशीच एक चूक शिरली.

आमच्या गटाच्या हस्तलिखित सातबाऱ्यावर आजोबा आणि त्यांचे धाकटे भाऊ, दोघांची नावं एकाखाली एक होती. दोघांपुढे हिस्सा आठ-आठ आणे, म्हणजे निम्मा-निम्मा, आणि क्षेत्र एकदाच लिहिलेलं. संगणकाच्या रचनेत मात्र प्रत्येक खात्यापुढे आपापलं क्षेत्र लागतं. आण्यांना तिथे जागा नव्हती. नोंद भरणाऱ्याने सगळं क्षेत्र पहिल्या नावापुढे टाकलं, दुसऱ्यापुढे शून्य. बेरीज बरोबर, गटाचं क्षेत्र बरोबर, सगळं हिरवं. धाकट्या आजोबांच्या मागे वारस म्हणून चुलत आजीचं नाव लागलं. ती पीककर्जासाठी उतारा घेऊन गेली तेव्हा कळलं, की कागदावर तिला गुंठाभरही जमीन नाही.

यात दोष भरणाऱ्या माणसाचा कमी. त्याच्यापुढे दप्तरांचा ढीग होता आणि पडद्यावरचा रकाना आकड्याशिवाय पुढे जाऊ देत नव्हता. 'इथे अजून ठरलेलं नाही' असं म्हणायची सोयच रचनेत नसली, की माणूस शून्य टाकतो. पण 'माहीत नाही' आणि 'काहीच नाही' यांत आजीची अर्धी जमीन आहे.

आता कायद्याकडे पाहा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे हक्कात बदल व्हायचा तर तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, फेरफार नोंदवतात. तो चावडीवर लागतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला १५ दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. भावाने भावाला एक गुंठा दिला तरी हे सगळं होतं. आजीची अर्धी जमीन गेली त्याला मात्र ना नोटीस, ना फेरफार क्रमांक. आणि कलम १५७ म्हणतं, अधिकार अभिलेखातली, म्हणजे सातबाऱ्यासारख्या हक्काच्या दप्तरातली, नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानायची. म्हणजे ते शून्य खरं, आणि खोटं ठरवायचं ओझं आजीवर. कलम १५५ खाली अर्ज, जुन्या उताऱ्याची नक्कल, जबाब, असे अकरा हेलपाटे तिने घातले.

शासनाने काहीच केलं नाही, असं मी म्हणणार नाही. २०१७ साली गावोगावी चावडी वाचन झालं, ते मला फार मोलाचं वाटतं. ज्याची माहिती त्यालाच वाचून दाखवण्यासारखी दुसरी तपासणी नाही. गटाचं एकूण क्षेत्र आणि खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज जुळत नाही, असे सातबारे शोधणारे अहवालही निघाले. पण आमची बेरीज जुळतच होती. आणि चावडी वाचनाच्या दिवशी आजी लेकीकडे होती.

रचना पुन्हा बदलणारच आहे. २०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुना बदलला, आता प्रत्येक भूखंडाला स्वतंत्र ओळख देणारा भू-आधार क्रमांक आला, पुढे नकाशा आणि उतारा जोडले जातील. एककांचं उदाहरण घ्या: एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर, एक आर म्हणजे १००. कुणी सरळ गुंठ्याला आर धरलं तर एकरामागे जवळजवळ अर्धा गुंठा जातो, आणि मूळ आकडा पुसला असेल तर तो कुठे गेला हे कधीच सापडत नाही. म्हणून मागणी अशी, की मूळ नोंद जशी होती तशी, आण्या-पैसह, नव्या नोंदीशेजारी कायम राहावी आणि खातेदाराला ती दिसावी. जिथे जुनं नव्यात बसत नाही तिथे 'तपासणी बाकी' असं लिहिलं जावं. आणि अशा प्रत्येक बदलाला फेरफार क्रमांक मिळावा, नोटीस आणि १५ दिवसांसकट.

झालेल्या चुकांसाठी अर्जाची वाट पाहायची गरज नाही. कलम १५५ जिल्हाधिकाऱ्यांना लेखनप्रमाद, म्हणजे लिहिताना झालेली चूक, कधीही दुरुस्त करायचा अधिकार देतं. घाई एवढ्यासाठी, की २०२५ पासून 'जिवंत सातबारा' मोहिमेत मयतांच्या जागी वारसांची नावं लागत आहेत. काम चांगलं आहे. पण ज्या खात्यापुढे चुकीचं शून्य आहे, तिथे वारसांनाही शून्यच मिळेल, आणि एका चुकीच्या चार होतील.

नाव जिवंत आणि क्षेत्र शून्य, अशा खात्यांची यादी काढायला एक क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला एक प्रश्न, पुरते. त्यातली काही शून्यं खरी निघतील, हरकत नाही. येत्या १ ऑगस्टच्या महसूल दिनाला ती यादी गावागावांत चावडीवर लावा, आणि ज्यांचं नाव तिच्यात आहे त्यांच्या घरी नोटीस पाठवा.

आपला,
एक खातेदार